कागदावरचा हर्निया

“मॅडम, आत्ता कण्हू का सर आल्यावर?” लिंबाजी मामांनी विचारलं.

“सर आल्यावर,” मी म्हणाले. “आत्ता नुसती उत्तरं द्या. गाठ कधीपासून आहे?”

“तीन वर्सं झाली.”

“कोणत्या बाजूला?”

मामांनी दोन्ही हात पोटावर ठेवले, मनातल्या मनात डावं-उजवं लावून बघितलं आणि उजवा हात जांघेवर सरकवला. “ही. उजवी. खोकल्यावर फुगती, आडवं झालं की आत जाती. आधी सुपारीयेवढी व्हती, आता आंब्यायेवढी झाली. बराबर?”

“बरोबर.”

“सकाळच्या पोराला मी चुकून नारळ म्हनलो. त्यानं बी तसंच लिहून घेतलं.”

मामांच्या जांघेत गाठ नव्हती. आंब्याएवढी नाही, सुपारीएवढीही नाही. ऑगस्ट २०२१ ची ही गोष्ट. आमची एम.एस. सर्जरीची परीक्षा तीन महिने लांबून शेवटी लागली होती आणि परीक्षेला पेशंट नव्हते. सर्जरीचे वॉर्ड दीड वर्ष कोविडकडे होते. बाहेरून धडधाकट हर्नियावाला आणून परीक्षेला बसवायचा आणि त्याला इथं कोविड झाला तर, अशी भीती सगळ्यांना. मग वरून परवानगी आली की पेशंटच्या जागी कुणालाही बसवा, हातात आजाराचा कागद द्या, विद्यार्थी त्याला तपासतील. आमच्या कॉलेजनं तीन जण बसवले. एक गेटवरचा सिक्युरिटीवाला, एक लॅबमधला शिपाई आणि तिसरे लिंबाजी साळवे, ऑपरेशन थिएटरचे मामा.

सरकारी दवाखान्यात वॉर्डातल्या, थिएटरातल्या सेवकांना मामा म्हणतात. हे मामा सव्वीस वर्षं थिएटरात होते. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना हात धुवायला प्रोफेसर शिकवत नाहीत, ते मामांनी शिकवायचं. “हात वर, कोपर खाली. पानी कोपरातनं गळू द्या, डॉक्टर. हात खाली सोडला की पुन्यांदा धुवायचा.” मलाही त्यांनी चार वेळा परत धुवायला लावलं होतं. चौथ्यांदा मी रडले, तेव्हा म्हणाले, “आता डोळ्याला हात लावला. पाचव्यांदा.”

तेच मामा आता दवाखान्याचा पांढरा सदरा-पायजमा घालून खाटेवर बसले होते आणि माझा लाँग केस, म्हणजे परीक्षेतला मुख्य पेशंट, होते. तपासायला पंचेचाळीस मिनिटं. मग घंटा. मग दोन परीक्षक. पास की नापास ते बहुतेक इथंच ठरायचं. माझ्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं माणूस नव्हतं. नापास झाले तर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, आणि त्या सहा महिन्यांत पुन्हा कोविड वॉर्ड. मी मनात एकच ठरवलं होतं. इथून सुटायचं.

आत येण्याआधी तांबोळी पाण्याच्या फिल्टरपाशी भेटला होता. माझ्याच बॅचचा, सकाळीच त्याची मामांवर परीक्षा झालेली. नारळ लिहून घेणारा तोच.

“कोण आहे तुला?” त्यानं विचारलं.

“मामा.”

“मग सुटलीस. हर्निया आहे. कागद वाच आणि बोल. तपासत बसू नको, टेकाळे, तिथं तपासायला काही नाहीये. तेवढ्या वेळात ऑपरेशनच्या स्टेप्स घोकून घे. तो बाहेरचा परीक्षक रणनवरे स्टेप्सच विचारतोय.”

“तू काहीच तपासलं नाहीस?”

“अगं, मामांचं काय तपासायचं? गप्पा मारल्या. त्यांच्या पोरीचं लग्न ठरतंय.”

तर मी खाटेपाशी बसले होते आणि कागदावरचे प्रश्न संपले होते. घड्याळात अजून पंचवीस मिनिटं होती.

“आनखी एक इचारा की,” मामा म्हणाले.

“काय?”

“वजनाचं इचारा.”

“ते कागदावर आहे?”

“न्हाई. पर कमी झालंय. पायजम्याला दोनदा गाठ मारावी लागती. जिना चढलो की धाप लागती. त्वांड बघा की माझं, पांढरं पडलंय.”

“मामा, पहिल्या लाटेत तुम्हाला कोविड झाला होता ना? त्यानंतर सगळ्यांनाच अशक्तपणा आलाय.”

“व्हय. समदे तसंच म्हनत्यात.”

“हे सरांपुढं बोलू नका हं. ते मला विचारतील वजन का कमी झालं. कागदावर त्याचं उत्तर नाही.”

मामांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. “न्हाई बोलत,” म्हणाले. मग आपणहून आडवे झाले, सदरा वर घेतला आणि छताकडं बघत पडले. “घ्या, तपासा.”

तपासायची गरज नव्हती हे तांबोळीचं म्हणणं खरं होतं. पण मी हात घासून गरम केला. गार हात पोटावर ठेवला की पोट आखडतं, हे पहिल्या वर्षी शिकलेलं. पहिल्या दोन वर्षांत मी रोज ओपीडीत बसले होते. दिवसाला चाळीस-पन्नास पोटं. खेड्यातून बैलगाडीत, टेंपोत, पाठीवर आलेली पोटं. आमचे युनिटचे मुख्य बिडवे सर म्हणायचे, तिसऱ्या वर्षी हातात चाकू देईन, आधी बोटं तयार करा. तिसरं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर कोविड आला. सर्जरीची ओपीडी बंद. नेहमीची ऑपरेशनं बंद. थिएटरच्या बोळात ऑक्सिजनचे सिलेंडर उभे केले आणि आम्हाला पीपीई घालून खाली पाठवलं. त्या वर्षात मी काय शिकले? नाकात काडी घालायला. शंभर किलोच्या माणसाला पालथं करायला. नातेवाइकांना फोनवर सांगायला. प्रेताच्या प्लास्टिक पिशवीची चेन पायाकडून डोक्याकडं ओढायची, उलटी ओढली तर अडकते, हे. सतरा महिने मी एकाही उघड्या पोटाला उघडा हात लावला नव्हता. आणि कागदावर मी सर्जन व्हायला निघाले होते.

मी मामांच्या जांघेवर हात ठेवला. काही नव्हतं. खोका म्हणाले. ते खोकले. काही नव्हतं. मग हात वर घेतला, सवयीनं. पोट डावीकडून सुरू केलं. मऊ. बेंबीभोवती मऊ. उजवीकडं खाली आले आणि माझा हात थांबला.

बोटांखाली काहीतरी होतं. कडक. लहान पोराच्या मुठीएवढं. कडा उंचसखल. मी ते दोन बोटांत धरून हलवायला बघितलं, हललं नाही. थोडं दाबलं, तसा मामांनी श्वास आत ओढला. आवाज न करता. कण्हायचं नाटक त्यांनी मला दोनदा करून दाखवलं होतं. ते असं नव्हतं.

“इथं दुखतं?”

“तुमीच सांगा,” मामा म्हणाले. छताकडंच बघत.

मी हात काढला. पुन्हा ठेवला. होतं ते तिथंच होतं.

त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी आज जसंच्या तसं सांगू शकते, कारण त्यातलं एकही मामांबद्दल नव्हतं. पहिलं आलं ते हे, की हा मळ असेल. आतड्यात साठलेला मळ असा लागतो. दुसरं, की सतरा महिने हात बंद होता, बंद हाताला काहीही लागतं. तिसरं, की तांबोळी सोडला तरी सकाळपासून दोघांनी हेच पोट तपासलंय आणि कुणी काही बोललेलं नाही. चौथं, की मी जर म्हणाले पोटात गाठ आहे, तर रणनवरे विचारतील कसली. कॅन्सर म्हणाले आणि तो मळ निघाला, तर धडधाकट मामाच्या पोटात कॅन्सर शोधणारी पोरगी म्हणून मी नापास. क्षयाची म्हणाले तर त्याचे वीस प्रश्न. हर्नियाच्या स्टेप्स मला पाठ होत्या. मोबाइलवर त्या ऑपरेशनचे व्हिडिओ मी साठ वेळा बघितले होते.

घंटा वाजली.

बिडवे सर आणि बाहेरून आलेले डॉ. रणनवरे आत आले. दोघांच्या तोंडाला मास्क, मास्कवर प्लास्टिकची काच. खाटेपासून सहा फुटांवर जमिनीला पिवळी पट्टी चिकटवली होती, त्या पट्टीच्या पलीकडंच दोघं उभे राहिले. कोविडच्या आधी लाँग केसला परीक्षक पेशंटच्या अंगावर वाकायचे, विद्यार्थ्याचा हात धरून गाठीवर ठेवायचे, ‘हे काय लागतंय, सांग’ म्हणायचे. आता ते पट्टी ओलांडत नव्हते. मी पट्टीच्या आत, मामांशेजारी.

मामा कण्हायला लागले. जरा जास्तच. रणनवरे म्हणाले, “पुरे, पुरे. बोला, डॉक्टर.”

मी बोलले. लिंबाजी साळवे, वय बावन्न, उजव्या जांघेत तीन वर्षांपासून गाठ. खोकल्यावर मोठी होते, आडवं झाल्यावर आत जाते. आंब्याएवढी. एका दमात, एकाही जागी न अडखळता.

“पोट?” रणनवरेंनी विचारलं.

मी मामांकडं बघितलं नाही.

“मऊ आहे, सर.”

“कुठं गाठबीठ? काही हाताला लागलं?”

“नाही, सर.”

“नीट बघितलंत?”

“हो, सर.”

मामांचं कण्हणं थांबलं. मला वाटलं, पुरे म्हटल्यामुळं थांबलं.

मग स्टेप्स विचारल्या. मी सांगितल्या. चामडी कुठं कापायची, पिशवी कशी सोडवायची, जाळी कुठं लावायची, कोणती शीर जपायची. रणनवरे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, “छान. स्वतःच्या हातानं किती केलेत?”

“पंधरा, सर.”

खरा आकडा दोन होता. आणि त्यातल्या एकात अर्ध्यावर सरांनी चाकू काढून घेतला होता. बिडवे सर शेजारीच उभे होते. त्यांना आकडा माहीत होता. ते खिडकीकडं बघत म्हणाले, “मेहनती मुलगी आहे.”

दोघं पुढच्या खाटेकडं गेले. तिथं सिक्युरिटीवाला पित्ताशय धरून बसला होता.

मी फाईल गोळा केली. मामा उठून बसले, सदरा खाली केला आणि पायजम्याची नाडी बांधायला लागले. सावकाश. एक गाठ मारली, मग दुसरी.

“मॅडम,” मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, “हाताला काय लागलं?”

पाच पावलांवर रणनवरे पाठमोरे उभे होते. निकाल लागायचा होता.

“काही नाही, मामा,” मी म्हणाले. “फार छान केलंत तुम्ही.”

“छान म्हंजी?”

“कण्हणं एकदम खरं वाटलं.”

“बरं,” मामा म्हणाले. खाटेवरून उतरले, चपला शोधल्या आणि गेले. पुढच्या विद्यार्थ्यासाठी त्यांना दहा मिनिटांत परत यायचं होतं.

अकरा दिवसांनी निकाल लागला. आमच्या बॅचचे सगळे पास. पेढे वाटले. त्या अकरा दिवसांत मामा मला दोनदा समोरून आले. एकदा जिन्यात, कठडा धरून उभे होते. “काय मामा?” मी म्हटलं. “काय न्हाई, जरा दम खातो,” म्हणाले. मी पुढं गेले. निकाल लागल्यावर तरी सांगता आलं असतं. पण तेव्हा सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, हे सांगावं लागणार होतं. मग सरकारी सेवेच्या बॉण्डची ऑर्डर आली आणि मी एका तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाले. तिथं सामान बांधून जाताना मला मोकळं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायला पाहिजे होती.

डिसेंबरात एका सर्टिफिकेटसाठी मी कॉलेजला आले. ऑफिसातलं काम झालं. व्हरांड्यात तांबोळी भेटला. तो तिथंच सीनियर रेसिडेंट म्हणून राहिला होता.

“मामा ॲडमिट आहेत,” म्हणाला. “आतडं बंद पडून आले. सरांनी आणि मी उघडलं.”

“मग?”

“मग काय. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ. लिव्हरवर सगळीकडं पसरलेलं. गाठ तशीच ठेवली, आतड्याला वळसा देऊन पोट बंद केलं. सर म्हणाले, चार-पाच महिने आधी आले असते तर काढता आलं असतं. माणूस थिएटरात राहतो, चोवीस तास सर्जनांच्या मधे, आणि दाखवत नाही. काय म्हणावं अशा लोकांना?”

मी मामांकडं गेले.

पुरुष शल्य वॉर्ड परत सर्जरीकडं आला होता. मामा भिंतीकडच्या खाटेवर होते. नाकात नळी. सदऱ्यातला माणूस अर्धा झालेला. शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, गंगूबाई. मामांनी मला लांबूनच ओळखलं.

“टेकाळे मॅडम! पास झालाव म्हनं.”

“झाले, मामा.”

“पेढं न्हाई दिलं.”

“आणते.”

“आता कशाला. ह्या नळीतनं पेढा जायचा न्हाई.” ते हसले, मग हसताना टाके दुखले म्हणून थांबले.

मी खाटेच्या कडेला बसले. काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. जे तोंडात आलं ते विचारलं.

“मामा, तुम्ही कुणाला दाखवलं का नाही?”

“कुनाला दाखवू? ओपीडीला कुलूप. खाली गेलं की कोविडची रांग, नाकात काडी घालत्यात अन् म्हनत्यात जा. बिडवे सरास्नी येकदा म्हनलो, सर, पोटात जड वाटतंय. सर लांबूनच म्हनले, गॅसची गोळी घे. सर तरी काय करतील, साखर हाय त्यास्नी, जवळ येत नव्हते कुनाच्या.” त्यांनी नळी जरा सरळ केली. “मग परीक्षेची गोष्ट निघाली. पेशंट म्हून कोन बसतंय, इचारलं. मीच म्हनलो, मी बसतो. बाकीचे बसायला तयार न्हवते. मी म्हनलो, पाच डॉक्टर पोटाला हात लावतील. वरनं दोन मोठे सर. सात जनं. सातांत येकजन तरी सांगल.”

त्या सातांत मी चौथी होते.

“तांबोळी सरांनी हातच न्हाई लावला. पोरीच्या लग्नाचं इचारीत बसले. बाकीच्या तिघांनी असा फिरवला, गादीवरनं फिरवत्यात तसा. तुमचा हात थांबला.” मामांनी स्वतःचा हात चादरीवरून उजवीकडं खाली नेला आणि बरोबर त्या जागी ठेवला. “हितं. दोनदा थांबला. मला कळलं. सव्वीस वर्सं हात बघितल्यात मी, मॅडम. कुनाचा हात कुठं थांबतो ते मला कळतं. म्हनलं, झालं काम. आता सांगतील सरास्नी.”

कोविडनं आमचे हात मारले, असं आमची सगळी बॅच आजही सांगत फिरते. परिषदांमधे त्यावर भाषणं होतात. माझ्यापुरतं सांगते, माझा हात शाबूत होता.

“मामा, मी—”

“ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. रागानं नाही. थकल्यासारखं. मग बायकोकडं वळून म्हणाले, “गंगे, ह्या त्या मॅडम. म्या सांगितलं न्हवतं का. ह्यांचा हात लई चांगलाय.”

गंगूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना नवऱ्यानं नक्की काय सांगितलं होतं, कोण जाणे. त्या स्टूल जवळ ओढत म्हणाल्या, “मंग माजं बी बघा की, मॅडम. दोन म्हैनं झालं, जेवलं की हितं दुखतंय. पाठीत निघतंय.”

मी वॉर्डाच्या बेसिनवर हात धुतले. पडदा ओढला. शेजारची खाट रिकामी होती, तिच्यावर गंगूबाईंना आडवं केलं. घाई केली नाही. सगळं पोट बघितलं, डावीकडून उजवीकडं, खालून वर. उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून श्वास घ्या म्हणाले, तर अर्ध्या श्वासात त्या थांबल्या. बाकी सगळं मऊ होतं. दोनदा बघितलं. मऊच होतं.

“पित्ताशयात खडे असणार,” मी म्हणाले. “सोनोग्राफी करून घेऊ. ऑपरेशन लागेल, पण भिण्यासारखं काही नाही.”

गंगूबाईंनी माझ्याकडं नाही, पडद्याच्या फटीतून नवऱ्याकडं बघितलं.

“खरंच का?” मामांनी विचारलं.

“खरंच, मामा.”

“अजून काय न्हाई ना लागलं?”

“नाही.”

नळीतून हिरवं पाणी बाटलीत उतरत होतं.

“लिहून द्या,” ते म्हणाले. “अन् खाली सही करा.”

मी सिस्टरकडून कागद मागून आणला. काय लागलं ते लिहिलं, काय लागलं नाही तेही लिहिलं, एकेका जागेचं नाव घालून. सही केली, तारीख घातली. सहीखाली डॉ. ऊर्मिला टेकाळे, आणि त्यापुढं एम.एस. मामांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्यात खालची ओळ तेवढी वाचली. बराच वेळ वाचली.

मग कागदाची घडी घालून बायकोच्या हातात दिली. “हा जपून ठेव,” म्हणाले. “अन् सोनोग्राफीत काय निघतंय ते ह्याच्याशी ताडून बघ.”